वर्षभराची धाव आणि शेवटच्या दोन फेऱ्या

2 नोव्हेंबर 2025. अ‍ॅरिझोनातलं फिनिक्स, नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या हंगामातली शेवटची शर्यत. डेनी हॅम्लिन 208 फेऱ्या सगळ्यांच्या पुढे धावला होता आणि ठरलेलं अंतर संपायला जेमतेम तीन फेऱ्या उरल्या होत्या. तेवढ्यात विल्यम बायरनचा टायर गेला, गाडी भिंतीला जाऊन आदळली आणि सगळ्यांना वेग कमी करायला लावणारा पिवळा झेंडा निघाला. सगळे पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यात, शिरले. हॅम्लिनच्या माणसांनी चार टायर बदलले, काइल लार्सनच्या माणसांनी दोनच. लार्सन आधी बाहेर पडला. मग दोन फेऱ्यांचा जादा डाव झाला. शर्यत रायन ब्लेनीने जिंकली, लार्सन तिसरा आला, हॅम्लिन सहावा. पण या शर्यतीत विजेतेपदाच्या चार दावेदारांपैकी जो पुढे येईल तो वर्षाचा विजेता, असा नियम होता, म्हणून अख्ख्या वर्षाचं विजेतेपद लार्सनला मिळालं. त्या दिवशी लार्सन एकही फेरी आघाडीवर नव्हता. वर्षभरात त्याने तीन शर्यती जिंकल्या होत्या, हॅम्लिनने सहा. हॅम्लिनच्या नावावर तोवर 60 विजय जमा होते, विजेतेपद एकही नाही.

लार्सनची यात काही चूक नाही. नियम होते तसा तो खेळला, आणि आजच्या चालकांमध्ये त्याच्या तोडीचे फार नाहीत. पण तो निकाल पाहून स्टॉक कार, म्हणजे दिसायला बाजारातल्या मोटारीसारख्या गाड्यांच्या, शर्यतीच्या जुन्या चाहत्यांच्या मनात जे आलं ते चीड या एका शब्दात मावत नाही. लार्सनचे चाहतेही त्या संध्याकाळी जरा खाली मान घालूनच आनंद साजरा करत होते.

आपल्याकडे या खेळाचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: गाड्या नुसत्या गोल गोल फिरतात, त्यात बघायचं काय? फॉर्म्युला वनसाठी रात्र जागवणारे मित्रही हेच विचारतात. आपल्या माणसांपैकी नारायण कार्तिकेयन 2010 साली तिथल्या ट्रक मालिकेत उतरला, मार्टिन्सव्हिलच्या पहिल्याच शर्यतीत तेरावा आला आणि त्या वर्षीचा सर्वांत लोकप्रिय चालकही ठरला, हे इथे फारसं कुणाला ठाऊक नाही. असो. बघायचं काय, याचं उत्तर या खेळाच्या जन्मात आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात चोरून दारू गाळायची आणि रातोरात शहरात पोचवायची, हा गरिबांचा धंदा होता. दिसायला साधी कौटुंबिक मोटार, पण आतून इंजिन आणि स्प्रिंगा अशा बदललेल्या की पोलिसांच्या हाती लागू नये. याच पोरांनी रविवारी मोकळ्या मैदानात शर्यती लावल्या. बिल फ्रान्स नावाच्या चतुर माणसाने डिसेंबर 1947 मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात सगळ्यांना एकत्र बसवलं आणि 1948 साली नॅस्कार ही संस्था उभी राहिली. शोरूममध्ये मिळते तीच गाडी पळवायची, अशा अटीची पहिली शर्यत जून 1949 मध्ये शार्लटला झाली. पहिला आलेला ग्लेन डनवे बाद ठरला, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाल्यांच्या पद्धतीने कडक केलेल्या निघाल्या. विजेता ठरला कॅन्सासचा जिम रोपर. म्हणजे नियम आणि नियमातली पळवाट यांचा झगडा या खेळात पहिल्या दिवसापासून आहे, आणि चाहत्यांना दोन्ही बाजू प्रिय आहेत. ज्युनियर जॉन्सन दारूच्या भट्टीपायी तुरुंगात जाऊन आला, 50 शर्यती जिंकला आणि 1986 साली अध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. असा माणूस कोणत्याही खेळाला पैसे देऊन मिळत नाही.

आता तक्रारींकडे येऊ. चाहत्यांची यादी मोठी आहे: गाड्या सगळ्या सारख्या, जुने ट्रॅक बंद, शर्यतीचे तुकडे केले, तिकिटं महाग, चालक जाहिरातीतल्या मॉडेलसारखे गुळगुळीत बोलतात. यातल्या काही तक्रारींना मी अजिबात दाद देणार नाही.

पहिली म्हणजे धोक्याची ओढ. 'पूर्वी मर्द लोक गाडी चालवायचे' हे वाक्य ऐकलं की मला 2000 आणि 2001 ही दोन वर्षं आठवतात. अ‍ॅडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर हे चालक ट्रॅकवरच्या अपघातांत गेले, आणि मग 18 फेब्रुवारी 2001 ला डेटोना 500 या शर्यतीच्या शेवटच्या फेरीत खुद्द डेल अर्नहार्ट. सात वेळचा विजेता, तीन नंबरच्या काळ्या गाडीचा मालक असावा असा वागणारा माणूस, भिंतीवर आदळला आणि संपला. त्यानंतर डोकं आणि मान जखडून ठेवणारं हॅन्स उपकरण सक्तीचं झालं, काँक्रीटच्या भिंतींपुढे आघात झेलणारे अडथळे आले. तेव्हापासून नॅस्कारच्या मुख्य मालिकेत शर्यतीत एकाही चालकाचा जीव गेलेला नाही. 2020 च्या डेटोना 500 मध्ये रायन न्यूमनची गाडी हवेत उलटी झाली आणि दुसरी गाडी तिच्यावर आदळली, तेव्हा बघणाऱ्यांनी आशा सोडली होती. दोन दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून रुग्णालयातून चालत बाहेर आला. या बदलाबद्दल ज्याला हळहळ वाटते त्याने खुशाल वाटून घ्यावी.

दुसरी ओढ त्याहून वाईट. जून 2020 मध्ये नॅस्कारने मैदानात कॉन्फेडरेट झेंड्यावर, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेच्या झेंड्यावर, बंदी घातली, तेव्हा 'आमचा खेळ गेला' म्हणून रडणारे कमी नव्हते. त्या 'आमच्या' खेळात वेंडेल स्कॉट 1 डिसेंबर 1963 ला जॅक्सनव्हिलला जिंकला, आणि करंडक देण्यात आला बक बेकरला. कृष्णवर्णीय माणूस जिंकला हे गर्दीसमोर सांगायची कुणाची छाती झाली नाही. काही तासांनी कागदावर चूक दुरुस्त केली. करंडक स्कॉटच्या घरच्यांच्या हाती पडला तो 2021 मध्ये, स्कॉट 1990 सालीच वारला होता. जुन्या दिवसांचं गाणं गाताना एवढं कडवं गाळून चालणार नाही.

तिसरा एक गैरसमज आहे, तो चाहत्यांइतकाच नॅस्कारच्या धुरिणांचाही: की पूर्वी शर्यती अटीतटीच्या होत्या. नव्हत्या हो. 1965 ची सदर्न 500 ही शर्यत नेड जॅरेटने चौदा फेऱ्यांच्या फरकाने जिंकली. रिचर्ड पेटीने 1967 मध्ये 27 शर्यती मारल्या, त्यातल्या दहा ओळीने. उलट 2022 च्या हंगामात एकोणीस वेगवेगळे विजेते निघाले. गाड्या एकमेकींच्या जवळ असणं हीच मजा असती, तर आज लोकांनी नाचायला हवं होतं. तरी ते खट्टू आहेत. का, हे शोधताना नॅस्कारने गेली वीस-बावीस वर्षं चुकीच्या खोलीत दिवा लावला, असं माझं म्हणणं आहे.

चाहत्याला हवा असतो परिणाम. मार्चमधल्या एखाद्या फुटकळ शर्यतीत कुणी गाडी ठोकली तर नोव्हेंबरात त्याला ती ठोकर आठवली पाहिजे. गॅरेजमध्ये कुणी रात्र जागून काही शोधून काढलं तर ते ट्रॅकवर दिसलं पाहिजे. एका गावचा ट्रॅक दुसऱ्या गावच्या ट्रॅकसारखा नसला पाहिजे. हे असलं की थरार आपोआप येतो, कधी येतो, कधी येत नाही. नॅस्कारने तो दर रविवारी हमखास यावा म्हणून नियमांनी बनवायला घेतला, आणि त्यात नेमका परिणाम पुसला गेला.

पॉइंटांचंच बघा. 2003 साली मॅट केन्सेथ फक्त एक शर्यत जिंकून विजेता झाला, आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन मागे राहिला. टेलिव्हिजनवाल्यांना हे कंटाळवाणं वाटलं. 2004 पासून शेवटच्या दहा शर्यतींसाठी वेगळा हिशेब सुरू झाला, त्याला 'चेस' म्हणत. चुरस वाढावी म्हणून आणलेल्या या पद्धतीत जिमी जॉन्सनने 2006 ते 2010 सलग पाच विजेतेपदं खिशात घातली. मग 2014 मध्ये बाद फेऱ्या आल्या: सोळा जण, दर तीन शर्यतींनी चार जण घरी, असं तीनदा, आणि शेवटच्या शर्यतीत उरलेल्या चौघांत जो पुढे येईल तो वर्षाचा विजेता. पहिल्याच वर्षी न्यूमन एकही शर्यत न जिंकता विजेतेपदापासून एका स्थानावर थांबला. 2020 मध्ये केव्हिन हार्विक नऊ शर्यती जिंकूनही शेवटच्या चौघांत नव्हता. 2024 मध्ये जोई लोगानो एका टप्प्यावर बाद झालाच होता. पण अ‍ॅलेक्स बोमनची गाडी वजनात कमी भरली, तो अपात्र ठरला, लोगानो परत आत आला आणि विजेता झाला. रणजीच्या हंगामात ढीगभर धावा करणाऱ्या संघाचं भवितव्य अखेरच्या सामन्यातल्या सुपर ओव्हरवर टांगायचं, त्यातला हा प्रकार.

आणि गंमत अशी, की जिची आठवण काढून जुने लोक आजही डोळे पुसतात ती 15 नोव्हेंबर 1992 ची अटलांटाची शर्यत साध्या, वर्षभराच्या बेरजेच्या पद्धतीतच झाली. सहा चालकांना विजेतेपदाची संधी होती. त्यात अ‍ॅलन कुलविकी, विस्कॉन्सिनचा अभियंता, स्वतःच संघाचा मालक आणि स्वतःच चालक. मोठ्या संघांचे पगार नाकारून हा माणूस आपलं गॅरेज चालवत होता. त्या दिवशी त्याने फोर्डच्या थंडरबर्डवरचं नाव खोडून 'अंडरबर्ड' करून घेतलं होतं, 'अंडरडॉग'वरून. सहा शर्यती शिल्लक असताना तो 278 पॉइंटांनी मागे होता. अटलांटाला शर्यत जिंकली बिल एलियटने, पण एलियट 102 फेऱ्या आघाडीवर होता आणि कुलविकी 103. सर्वांत जास्त फेऱ्या आघाडीवर राहण्याचे पाच पॉइंट कुलविकीला मिळाले आणि तो दहा पॉइंटांनी वर्ष जिंकला. ते पाच उलटे पडले असते तर बरोबरी झाली असती आणि जास्त विजयांच्या जोरावर एलियट विजेता ठरला असता. त्याच दिवशी पेटीची शेवटची शर्यत होती आणि जेफ गॉर्डन नावाच्या पोराची पहिली. कोणत्याही समितीला बसून असला दिवस आखता आला नसता. त्या एका फेरीच्या फरकाला वजन आलं, कारण मागे फेब्रुवारीपासूनच्या सगळ्या फेऱ्या उभ्या होत्या. पुढच्या एप्रिलात कुलविकी विमान अपघातात गेला.

गाडीचं दुखणं जरा तांत्रिक आहे, पण त्यातच खरी गोम आहे. 2022 पासून सगळे संघ एकाच आराखड्याची गाडी चालवतात, तिला 'नेक्स्ट जेन' म्हणतात. सांगाडा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, बाहेरचं कवच, सगळं ठरलेल्या पुरवठादाराकडून विकत घ्यायचं आणि जोडायचं. त्याला हात लावला तर खैर नाही. ब्रॅड केसेलोव्स्कीच्या संघाने 2022 च्या मार्चमध्ये पुरवठादाराच्या एका भागात फेरफार केला म्हणून 100 पॉइंट कापले गेले आणि एक लाख डॉलर दंड झाला. आणि स्मोकी यूनिक हा जुना मेकॅनिक? टाकीच्या मापाचा नियम आहे, पेट्रोलच्या नळीच्या मापाचा नाही, म्हणून त्याने अकरा फुटांची जाड नळी बसवून तिच्यातच ज्यादा पेट्रोल भरलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. पूर्वी हुशारीची कथा व्हायची, आता तिची दंडाची पावती होते.

चाकाचंच बघायचं तर पूर्वी एका चाकाला पाच नट असत. चाक बसवण्याआधी नट त्यावर चिकटवून ठेवलेले, माणूस गुडघ्यावर घसरत यायचा आणि गन पाचदा कडकडायची. कान तयार असलेल्याला आवाजावरून कळायचं की एक नट सुटलाय. आता मधोमध एकच मोठा नट. काम झटपट होतं, चूक कमी होते आणि पिटमधल्या माणसाचा हात ओळखू येईनासा झाला.

छोट्या ट्रॅकवर तर या गाडीने पंचाईतच केली. टायर रुंद, ब्रेक दणकट, वळणावर गिअर खाली टाकता येतो. त्यामुळे चालकाने थोडी चूक केली तरी गाडी सावरते. मागच्याला पुढे जायचं कसं? पुढची गाडी हवा कापते, मागच्या गाडीच्या नाकावरचा हवेचा दाब जातो आणि वळणात ती बाहेर सरकते. पूर्वी पंचवीस-तीस फेऱ्यांत टायर झिजायचे. ज्याने ते जपले तो शेवटी हळूहळू एकेकाला गाठायचा. हे हळूहळू गाठणं हीच स्टॉक कारची खरी रंगत होती, आणि तीच टेलिव्हिजनच्या पाच मिनिटांच्या झलकेत कधी मावत नाही. 2026 साठी छोट्या ट्रॅकवर इंजिनाची ताकद 670 वरून 750 अश्वशक्ती करायचं ठरलं, ते चांगलंच. पण ताकदीसोबत टायरही झिजायला हवा.

एकसारखेपणाच्या बाजूने बोलणारे खर्चाचा मुद्दा काढतात, आणि तो खोटा नाही. 2017 चं विजेतेपद मिळवणारा फर्निचर रो हा संघ 2018 संपताच पैशाअभावी बंद पडला. चार बड्या संघांचे पगारी अभियंते रात्रंदिवस वायुबोगद्यात बसणार असतील तर छोट्याने टिकायचं कसं? मान्य. पण खर्चाला लगाम घालायचे मार्ग आहेत. चालकाला वाचवणारा सांगाडा सगळ्यांचा एक ठेवावा, आणि सस्पेन्शनसारख्या दोन-तीन गोष्टी खर्चाची मर्यादा घालून संघांवर सोडाव्यात. मेकॅनिकला काही करताच आलं नाही तर फरक उरतो तो फक्त पिवळा झेंडा कुणाच्या नशिबाने निघतो याचा. शिवाय आज शेव्हरले ज्या कमॅरोच्या रूपात धावते ती गाडी 2024 च्या मॉडेलनंतर बनतच नाही. 'रविवारी जिंका, सोमवारी विका' या जुन्या म्हणीतला सोमवार असा गेला.

नियमांनी कितीही जखडलं तरी माणूस फट शोधतोच, याचा पुरावा 30 ऑक्टोबर 2022 ला मार्टिन्सव्हिलने दिला. शेवटची फेरी, रॉस चॅस्टेनला पुढच्या टप्प्यात जायला दोन स्थानं कमी पडत होती. मागच्या सरळ भागात त्याने पाचवा गिअर टाकला, गाडी बाहेरच्या भिंतीला चिकटवली, स्टेअरिंगवरचा हात सैल केला आणि ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून वळणातून घासत गेला. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये करायचा तसं. ठिणग्या उडत होत्या आणि पाच गाड्या ब्रेक मारत असताना तो त्यांच्या बाजूने निघून गेला. ती फेरी 18.845 सेकंदांची, त्या ट्रॅकवरची विक्रमी. जग हसलं, टाळ्या वाजल्या, आणि जानेवारीत नॅस्कारने सांगून टाकलं की पुन्हा केलं तर दंड. सुरक्षेसाठी बंदी योग्यच. पण लोक नेमके कशाला उठून उभे राहिले होते, हे त्या वेळी कुणी टिपून ठेवायला हवं होतं.

ट्रॅकबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. साउथ कॅरोलायनातला डार्लिंग्टन अंड्याच्या आकाराचा आहे, का, तर जमीन देणाऱ्याने आपलं मासळीचं तळं हलवू नका अशी अट घातली होती, म्हणून एका बाजूचं वळण आवळून घेतलं. 1950 पासून कामगार दिनाच्या सुटीतली सदर्न 500 म्हणजे तिथली जत्रा. 2004 पासून ती सुटी दुसऱ्यांना दिली, आधी कॅलिफोर्नियाला आणि मग अटलांटाला, आणि 2015 मध्ये गुपचूप परत आणली. नॉर्थ विल्क्सबरोचा पुढचा सरळ भाग उताराचा, मागचा चढाचा. मूळ मालकाच्या निधनानंतर दोन धनिकांनी तो ट्रॅक विकत घेतला, एकाने आपली शर्यत टेक्सासला नेली, दुसऱ्याने न्यू हॅम्पशायरला. सप्टेंबर 1996 मध्ये शेवटची शर्यत झाली आणि बाकड्यांमधून झाडं उगवली. त्या बदल्यात देशभर दीड मैलांचे, एकमेकांची नक्कल वाटावेत असे ट्रॅक उभे राहिले. त्यातल्या कितीतरींनी पुढे प्रेक्षकांअभावी बाकडी उपटून काढली. ब्रिस्टलचा अर्ध्या मैलाचा वाडगा मात्र 1982 पासून 2010 पर्यंत सलग 55 शर्यती भरलेला होता, पुढेपुढे तर सुमारे 1,60,000 माणसांनी.

विल्क्सबरोला सरकारी मदतीचे 1.8 कोटी डॉलर मिळाले, 2023 मध्ये ऑल-स्टार शर्यत तिथे झाली, आणि 2026 च्या वेळापत्रकात तीस वर्षांनी पॉइंटांची शर्यतही आली. शिकागोच्या रस्त्यांवर किंवा मेक्सिको सिटीत शर्यती घेऊ नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. शेन व्हॅन गिसबर्गेन हा न्यूझीलंडचा गडी शिकागोला पहिल्याच दमात जिंकला, ते बघताना मीही रात्री घरच्यांना उठवलं होतं. नवं गाव जोडा, पण जुन्याची जत्रा मोडून नको.

2026 च्या सुरुवातीला नॅस्कारने बाद फेऱ्या रद्द केल्या आणि शेवटच्या दहा शर्यतींची बेरीज परत आणली. फिनिक्सने एवढं तरी केलं. तरी हे अर्धंच पाऊल आहे. आधीच्या सव्वीस शर्यती अजूनही मुख्यत्वे प्रवेशपत्रासाठीच धावायच्या. पूर्ण 36 शर्यतींची बेरीज करायला अडचण कसली, तर म्हणे सप्टेंबरात निकाल लागला तर अमेरिकन फुटबॉल सुरू झाल्यावर बघणार कोण. ही भीती पूर्वी समजण्यासारखी होती. आता फॉक्स, एनबीसी, अ‍ॅमेझॉन आणि टीएनटी यांच्याबरोबरचा 7.7 अब्ज डॉलरचा करार 2031 पर्यंत पक्का आहे. संघांबरोबरचा कोर्टातला वाद डिसेंबर 2025 मध्ये मिटला आणि शर्यतीत हमखास जागा देणारे त्यांचे परवाने कायमचे झाले. एखाद्या वर्षी सप्टेंबरातच विजेता ठरला तर कुणाचं दिवाळं निघणार नाही. त्या वर्षी उरलेल्या शर्यती नुसत्या शर्यती म्हणून बघाव्या लागतील, आणि त्या बघण्यासारख्या करायच्या तर टायर, ट्रॅक आणि मेकॅनिकचे हात यांच्याकडेच वळावं लागेल.